खडे वजा जाता

सोनेतारण कर्जाच्या पावतीवर दोन वजने लिहिलेली असतात. एक ढोबळ वजन आणि दुसरे निव्वळ. दागिना आहे तसा काट्यावर ठेवला की ढोबळ वजन मिळते. त्यातून दोरा, लाख, मीना आणि खडे यांचे वजन कमी केले की निव्वळ. कर्ज मिळते ते निव्वळ वजनावर. तीस-पस्तीस वर्षांच्या बँकेतल्या नोकरीत ‘खडे वजा जाता’ हे शब्द मी किती पावत्यांवर लिहिले असतील, याचा हिशेब आता लागणार नाही. पण त्यातली एक पावती मात्र अजून लक्षात आहे.

१९८६ सालची गोष्ट. मराठवाड्यात गोदावरीकाठच्या एका गावातल्या शाखेत मी नवा नवा अधिकारी म्हणून रुजू झालो होतो. मृगाच्या आधीचे दिवस. बी-बियाण्यासाठी पैसा हवा म्हणून गावोगावची माणसे कडोसरीला दागिना लावून आमच्या दारात येत. त्यातच सत्तरीच्या घरातल्या एक आजीबाई आल्या. फडक्याची गाठ सोडून त्यांनी टेबलावर एक माळ ठेवली. सोन्याचे मणी आणि दर दोन सोन्याच्या मण्यांनंतर एक तांबडा दगडी मणी. दागिने पारखायला येणारे आमचे सोनारकाका काचेच्या पेटीतल्या काट्यापुढे बसले होते. त्यांनी माळ कसोटीला लावली, तोलली आणि सवयीने म्हणाले, “खडे वजा.”

“आन् ह्ये मनी?” आजीबाईंनी विचारले.

“त्यांचं काई नाई, आजी. दगड हायेत ते.”

आजीबाईंनी वाद घातला नाही. थोडा वेळ गप्प राहून त्या मला म्हणाल्या, “सायब, दगडच हायेत तर तुमच्या तिजुरीत कशाला? माजे मला द्या.” आणि भिंतीकडेच्या बाकावर बसून त्यांनी माळेचा दोरा सोडला, तांबडे मणी एकेक करून मोजले आणि पदराच्या टोकाला बांधून घेतले. सोने तिजोरीत गेले, दगड घरी गेले.

सुगी झाल्यावर आजीबाई कर्ज फेडायला आल्या, तेव्हा ते मणी बरोबर घेऊनच आल्या. तिथेच बाकावर बसून त्यांनी माळ पुन्हा ओवली. ओवता ओवता एक मणी माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, “उजेडाला धरून बगा.” मी खिडकीकडे धरला. डाळिंबाच्या दाण्यात उजेड शिरावा तसा तो मणी आतून पेटल्यासारखा दिसला. “सासूनं घातली व्हती माज्या गळ्यात,” एवढेच त्या बोलल्या.

संध्याकाळी मी सोनारकाकांना विचारले, हा दगड कोणता? ते म्हणाले, “अकीक. कुनी हकीक म्हनतं. आपल्याच मातीत सापडतो की.” माझी अकीकाशी ओळख झाली ती अशी. नंतर मी कादंबऱ्या लिहिल्या, बदल्या झाल्या, निवृत्त झालो; पण हा दगड काही सुटला नाही. मिळेल तिथे त्याबद्दल वाचत राहिलो, नदीच्या वाळूत शोधत राहिलो.

गारगोटीचा भाऊ

लहानपणी दिवे गेल्यावर गोधडीत शिरून दोन गारगोट्या एकमेकींवर घासायचा खेळ आपल्यापैकी अनेकांनी खेळला असेल. क्षणभर पिवळट उजेड चमकतो आणि जळका वास येतो. ती गारगोटी आणि आजीबाईंच्या गळ्यातला अकीक हे एकाच घराण्यातले. घराण्याचे नाव सिलिका, म्हणजे वाळू आणि काच ज्यापासून होते ते द्रव्य. त्याचे मोठे, पैलूदार स्फटिक झाले की आपण त्याला स्फटिक म्हणतो. साध्या डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक, तंतूंसारखे स्फटिक एकमेकांना चिकटून घट्ट दगड झाला की त्याला शास्त्रज्ञ कॅल्सेडनी म्हणतात. आणि त्या कॅल्सेडनीत थरावर थर, पट्ट्यावर पट्टा दिसू लागला की तो अकीक, इंग्रजीतला ॲगेट.

हे थर कसे होतात? त्यासाठी आपल्याच जमिनीखाली पाहावे लागेल. सह्याद्री, अजिंठ्याचा डोंगर, मराठवाड्याचे पठार हे सगळे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून उसळलेल्या लाव्ह्याचे बनलेले आहे. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. भाकरीच्या पिठात फुगे राहावेत तशा काळ्या दगडात पोकळ्या राहिल्या. पुढे लाखो वर्षे त्यांतून पाणी झिरपत राहिले आणि पाण्यातली सिलिका पोकळीच्या भिंतीवर आतून साचत गेली. पाणी तापवायच्या बंबात वर्षानुवर्षे क्षाराचा थर बसतो, तसाच हा प्रकार. पाण्यात लोह असेल तेव्हा थर पिवळा किंवा तांबूस झाला, नसेल तेव्हा पांढरा किंवा राखाडी. पोकळी पूर्ण भरली तर भरीव गोटा तयार झाला. मधे जागा उरली तर तिथे चमकदार स्फटिक उगवले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात अशा पोकळ्यांमधून निघालेली स्फटिकांची आणि झिओलाइट खनिजांची दौलत पाहायला मिळते. मुलांना सुट्टीत आवर्जून न्यावे असे ते ठिकाण आहे.

काळा दगड कालांतराने झिजतो, त्याची माती होते. पण आतला अकीक कणखर. तो मातीतून सुटून ओढ्यात येतो, ओढ्यातून नदीत. बाहेरून पाहाल तर बटाट्यासारखा ओबडधोबड. कापून आत पाहिले, की मग कळते आपल्या हातात काय आहे ते.

नावे अनेक

अकीकाचे प्रकार मोजू लागलो तर पुरवणीची पाने पुरणार नाहीत. पण घरात, बाजारात, प्रवासात जे भेटतात त्यांची ओळख करून घ्यायला हरकत नाही.

सरळ, समांतर, काळे-पांढरे पट्टे असतील तर तो ओनिक्स. आपल्या बाजारात त्याला सुलेमानी म्हणतात. काळ्याऐवजी तपकिरी-तांबडे पट्टे असतील तर सार्डोनिक्स. प्राचीन रोममधले कारागीर वरच्या पांढऱ्या थरात मूर्ती कोरून खालचा गडद थर पार्श्वभूमी म्हणून ठेवत. व्हिएन्नाच्या संग्रहालयातले ‘जेम्मा ऑगस्टिया’ हे सम्राट ऑगस्टसचे शिल्प अशाच दोन थरांच्या ओनिक्समध्ये कोरलेले आहे. आजीबाईंचा तांबडा मणी म्हणजे कार्नेलियन. शास्त्राच्या काटेकोर भाषेत पट्टे नसलेल्या एकरंगी दगडाला अकीक म्हणत नाहीत. पण बाजाराला हा काटेकोरपणा मान्य नाही आणि आपणही त्यासाठी भांडायला नको. वर्तुळात वर्तुळ असले, तर डोळ्यासारखा दिसणारा नेत्र अकीक. नामिबियाचा फिकट निळा, जाळीदार लेससारखा अकीक जगभर प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने तर लेक सुपिरियरच्या तांबड्या अकीकाला १९६९ साली राज्याच्या रत्नाचा मान दिला.

सर्वांत मोहक मला वाटतो तो शेवाळी अकीक. पारदर्शक दगडात हिरवे शेवाळ तरंगते आहे असे वाटते. त्याचाच भाऊ म्हणजे उत्तर प्रदेशात बांद्याजवळ केन नदीत सापडणारा दगड. त्यात काळी-तपकिरी झाडे, फांद्या, कधी अख्खे रान दिसते, म्हणून त्याला शजर म्हणतात; शजर म्हणजे झाड. पण यात वनस्पतीचा अंशही नसतो बरे का! मँगनीज आणि लोह यांची खनिजे बारीक भेगांतून पसरत गेली की अशी नक्षी तयार होते.

एक सावधगिरीची सूचना. बाजारात ‘ओनिक्स’ म्हणून हिरवट, पारभासक दिवे, फुलदाण्या, राखदाण्या विकतात. त्यांतल्या बहुतेक संगमरवराच्या जातीच्या, मऊ दगडाच्या असतात. चाकूच्या टोकाने तळाला हळूच ओरखडा काढून पाहा. ओरखडा उठला तर तो अकीकाच्या घराण्यातला नव्हे. अकीक पोलादी चाकूला सहसा दाद देत नाही, उलट काचेवर तोच ओरखडा काढतो.

पैठण ते उर

अकीक आपल्याच मातीतला हे सोनारकाकांचे म्हणणे किती जुने आहे, ते मला पुढे कळले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने हिंदी महासागरातल्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. त्यात भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातले तेर, ही दोन मोठी बाजारपेठेची गावे सांगितली आहेत. तेरहून कापड जाई आणि पैठणहून काय, तर ओनिक्स दगड, तोही मोठ्या प्रमाणावर. धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्या भरून हा माल भडोच बंदराला पोचत असे. सातवाहनांच्या पैठणची आपल्याला पैठणी ठाऊक असते. तिथला दगड साता समुद्रापार जात होता, हे फारसे कुणी सांगत नाही. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात गेलात तर त्या काळातले मणी काचेमागे पाहायला मिळतील.

त्याही मागे जा. नेवासे, इनामगाव इथल्या उत्खननांत तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे सापडली. कॅल्सेडनीच्या धारदार पात्या ही त्यांची रोजची हत्यारे होती, आणि कार्नेलियनचे मणी हा त्यांचा दागिना. आणखी मागे गेलात तर गुजरातेतले लोथल. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली १९५५ पासून तिथे उत्खनन झाले आणि हडप्पा काळातला मण्यांचा कारखानाच हाती लागला. काही मणी पूर्ण झालेले, काही भोक पाडायचे राहिलेले, काही नुसते घडवलेले. इराकमधल्या उर शहरातल्या राजघराण्याच्या दफनभूमीत साडेचार हजार वर्षांपूर्वीचे लांबट कार्नेलियन मणी निघाले. तेही सिंधू संस्कृतीच्या कारागिरांच्या हातचे. अशा एका लांब मण्याला आरपार भोक पाडायला कित्येक दिवस लागत. कुणाच्या गळ्यात पडायचे ते त्या कारागिराला ठाऊक नव्हते, आणि ज्या राणीने ते घातले तिला त्या कारागिराचे नाव माहीत नव्हते.

खंभातच्या गल्लीत

हे सगळे वाचून झाल्यावर खंभात पाहिल्याशिवाय राहवेना. २०२२ च्या हिवाळ्यात मी आणि आमच्या सौ. आणंदहून गाडीने खंभातला गेलो. एकेकाळी जगाची गलबते जिथे लागत, त्या बंदरात गाळ भरून समुद्र दूर गेला आहे. उरला आहे तो अकीकाचा धंदा. दगड येतो तो मुख्यतः भडोच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या खाणींतून, आणि घडतो इथे.

इथे कळले की आजीबाईंच्या मण्याचा लाल रंग बऱ्याच अंशी माणसाने आणलेला असतो. खाणीतून निघतो तेव्हा दगड पिवळट, मातकट. तो महिनोन्महिने उन्हात वाळवतात, मग मातीच्या मडक्यात घालून शेणी आणि लाकडाचा भुसा यांच्या मंद आचेवर भाजतात. आचेने दगडातल्या लोहाच्या खनिजातले पाणी उडून जाते आणि पिवळ्याचा तांबडा होतो. घाई केली, एकदम तापवला किंवा एकदम निववला, तर दगड तडकतो. मग जमिनीत रोवलेल्या लोखंडी सळईच्या टोकावर दगड टेकवायचा आणि शिंगाच्या डोक्याच्या हलक्या हातोडीने ठोकत कपच्या उडवायच्या. भोक पाडायला सुताराच्या सामत्यासारखी कमान. टोकाला हिऱ्याचे दोन कण. तंत्र बदलले, वीज आली, पण कामाचा क्रम थेट लोथलची आठवण देतो.

काळ्या ओनिक्सचेही गुपित असेच. निसर्गात तसा गर्द काळा दगड दुर्मीळ. राखाडी दगड साखरेच्या पाकात बरेच दिवस भिजवतात आणि मग गंधकाम्लात टाकतात. आत मुरलेल्या साखरेचा कोळसा होतो आणि दगड काळा होतो. जर्मनीतल्या इडार-ओबरस्टाइन गावाने एकोणिसाव्या शतकात रंगवण्याच्या या विद्येवर मोठे नाव कमावले. तिथला अकीक संपत आला तेव्हा तिथून ब्राझीलला गेलेल्या लोकांना तिकडे अकीक सापडला आणि त्याच दगडावर गावचा धंदा पुन्हा उभा राहिला. तेव्हा भडक निळा, गुलाबी, हिरवा अकीक दिसला तर तो रंगवलेला आहे असे खुशाल समजावे. त्यात फसवणूक नाही. मात्र विकणाऱ्याने तसे सांगायला हवे.

सौ.नी एका दुकानात माळ पसंत केली. दुकानदाराने साडेतीनशे सांगितले. बायकांच्या स्वभावाप्रमाणे म्हणावे तर मी बँकवाला तिच्यापेक्षा वरचढ निघालो आणि अडीचशेवर सौदा तोडला. मग दुकानदारच आम्हाला मागच्या गल्लीत, मणी घासणाऱ्याच्या घरी घेऊन गेला.

घर म्हणजे एक खोली आणि पुढे ओसरी. ओसरीवर विजेवर फिरणारे कुरुंदाचे चाक आणि चाकापुढे बसलेला चाळिशीतला माणूस. मणी चाकाला लावला की पांढऱ्या धुळीचा फवारा उठे. धूळ त्याच्या पापण्यांवर, भिंतीवर, पलीकडे चुलीपाशी बसलेल्या बाईच्या भांड्यांवर. नाकाला रुमाल बांधला होता. तो मधेमधे थांबे, खोके, पुन्हा चाक सुरू करी. माझी हिंदी आणि त्याची हिंदी यांची गाठ पडली तेव्हा कळले, की वडील हेच काम करत आणि गेले. थोरला भाऊ हेच काम करी, त्याला क्षय म्हणून दोन वर्षे औषध दिले, गुण आला नाही, तोही गेला.

तो क्षय नसावा. सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ श्वासावाटे फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते. तिथून ती बाहेर पडत नाही. तिच्याभोवती फुप्फुसात व्रण होतात, फुप्फुस ताठर होत जाते, आणि काम सोडल्यावरही रोग थांबेलच असे नाही. याचे नाव सिलिकोसिस. त्यावर बरे करणारे औषध आजही नाही. लक्षणे क्षयासारखी असल्याने निदानात गफलत होते, आणि सिलिकोसिस झालेल्याला खराखुरा क्षय जडण्याचा धोकाही जास्त असतो. हीच धूळ कर्करोगालाही कारण ठरते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली जाहीर केले. रुमालाने ती अडत नाही. खंभातच्या अकीक कामगारांची तपासणी शास्त्रज्ञांनी अनेकदा केली आहे. रोग घासणाऱ्यापुरता राहत नाही, त्याच घरात राहणाऱ्या बायकामुलांपर्यंत पोचतो, हेही त्यातून दिसले आहे. उपायही ठाऊक आहेत. पाण्याची धार सोडून ओले घासावे, चाकाशेजारी धूळ ओढून घेणारा पंखा बसवावा, घासण्याची जागा घरापासून वेगळी असावी. पण कारखान्यासाठी केलेला कायदा ओसरीपर्यंत सहसा पोचत नाही. नगावर मजुरी घेणाऱ्याला मालकही नसतो, हजेरीपटही नसतो. मग भरपाई मागायची कुणाकडे?

परतताना गाडीत सौ.नी माळ पिशवीतून काढून पाहिली आणि परत ठेवली. बराच वेळाने म्हणाल्या, “शंभर रुपये तुम्ही उगाच कमी केलेत.” मला उत्तर सुचले नाही.

काट्याची धार

माझा एक भाचा रसायनशास्त्र शिकवतो. त्याने मला सांगितले ते ऐकून मी चकित झालो. प्रयोगशाळेत पदार्थ कुटायला अकीकाचा खल वापरतात, कारण तो इतका कठीण आणि घट्ट, की त्याचा कणही औषधात मिसळत नाही. सोन्याचा वर्ख चढवून घोटायच्या दांडीच्या टोकाला अकीक असतो. आणि इलेक्ट्रॉनिक काटे येण्याआधी काचेच्या पेटीतले जे नाजूक, चांगल्या प्रतीचे तराजू असत, त्यांची दांडी अकीकाच्या धारेवर तोललेली असे. पोलादाची धार गंजते, बोथट होते. अकीकाची वर्षानुवर्षे टिकते.

म्हणजे बघा, वाचकहो! ज्या जातीच्या काट्यावर आम्ही आयुष्यभर सोने तोलले आणि ‘खडे वजा’ म्हणून दगडाची किंमत शून्य लिहिली, त्या काट्याचा खरेपणा दगडाच्याच जिवावर उभा होता.

खंभातहून आल्यापासून मी अकीक घेणे सोडलेले नाही. सगळ्यांनी सोडले तर त्या ओसरीवरची चूलच विझेल. पण आता मी घासाघीस करत नाही, आणि दुकानात एक प्रश्न हमखास विचारतो : हा कुठे घासला, ओला की कोरडा? बहुतेक दुकानदारांना उत्तर माहीत नसते. विचारणारे वाढले तर त्यांना माहीत करून घ्यावे लागेल. खड्याने शनी शांत होतो का, हे विचारणारे गिऱ्हाईक मी पुष्कळ पाहिले. घासणाऱ्याच्या छातीचे काय, हे विचारणारे मात्र अजून भेटले नाही.

सोनारकाका मोठे पारखी होते. त्यांच्या हिशेबात चूक नव्हती. बँकेला सोनेच हवे होते. पण त्या दिवशी बाकावर बसून एकेक मणी मोजून पदरात बांधणाऱ्या आजीबाईंचाही एक हिशेब होता. उन्हात वाळवणारा, भाजणारा, ठोकणारा, भोक पाडणारा आणि घासणारा, अशा किती हातांतून तो मणी त्यांच्या सासूच्या गळ्यात आला असेल, हे त्यांना माहीत नसेलही. मात्र तिजोरीत जे मोजले जात नाही ते आपण मोजून घरी न्यावे, एवढे त्यांना कळत होते. मला ते कळायला निवृत्त व्हावे लागले.